चार तारांचा नाद

म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये वाद्य घेऊन रस्त्याने चालणाऱ्या माणसाला मान असतो. वीणा घेऊन निघालेल्या बाईंसाठी रिक्षावाला खाली उतरून मागची सीट झटकतो. व्हायोलिनची पेटी काखेत मारलेल्या पोराला कुठलेही अनोळखी आजोबा थांबवून विचारतात, "कुणाकडे शिकतोस?" बेस गिटारच्या पेटीचं तसं नाही. ती लांब, जड, आणि तिला लोक मान देत नाहीत, वाट देतात, कारण वळताना ती लागते.

चामराजपुरमला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे. म्हैसूर जंक्शन सोडून नंजनगूडच्या वाटेला लागलं की पहिलंच. छोटंसं, फलाटावर झाडं, बाकावर पेपर वाचणारे निवृत्त लोक. तिथल्या एका गृहस्थांनी माझ्या पेटीत काय आहे ते बघितल्याशिवाय गाडीत चढू दिलं नाही. उघडली. त्यांनी तारा मोजल्या.

"दोन तुटल्यात वाटतं."

"नाही, याला चारच असतात."

"असं? मग स्वस्त पडलं असेल."

मी त्यांना किंमत सांगितली नाही. बेसवाले किंमत कुणालाच सांगत नाहीत. घरी सांगतात ती एक, मित्रांना सांगतात ती दुसरी, आणि कस्टमच्या पावतीवर असते ती तिसरी. खरी तीच असते, म्हणून ती पावती पेटीच्या अस्तराखाली राहते.

मुळात हे वाद्य साधं होतं. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ साली त्याने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. एक फळी, तिला स्क्रूने जोडलेली मान, तारांची थरथर विजेत पकडणारा एक पिकअप आणि दोन बटणं. एक बटण आवाजाचं, एक टोनचं. त्याआधी खर्जातलं काम करायला माणसाएवढा डबल बेस लागे, तो बसच्या टपावर बांधून न्यावा लागे आणि ढोल वाजू लागला की तो ऐकूही येत नसे. फेंडरच्या फळीने दोन्ही प्रश्न सोडवले. १९६० मध्ये त्याने 'जॅझ बेस' काढला, त्यात पिकअप दोन झाले, आणि खरं तर गोष्ट तिथेच संपायला हरकत नव्हती. ज्याला वाजवता येत नव्हतं त्याने जे बनवलं, त्यात ज्यांना वाजवता येतं त्यांना आजतागायत फारसं काही चुकीचं सापडलेलं नाही.

पण ज्यांना थोडंथोडं वाजवता येतं, त्यांना सापडलं. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातच अलेंबिक नावाची मंडळी कामाला लागली. त्यांनी वाद्याच्या पोटात विजेचं मंडल घातलं, भारी लाकडं वापरली, पितळ वापरलं आणि किंमत अशी लावली की वाजवणाऱ्याला आपण मोठे कलावंत आहोत असं आपोआप वाटावं. १९७९ मध्ये न्यूयॉर्कला रॉजर सॅडॉस्कीने दुकान थाटलं. बेसवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बेसमध्ये त्याने प्रीअँप बसवला आणि पुढे जगभरच्या पोरांना आपापल्या बेसमध्ये काहीतरी बसवून घ्यावंसं वाटू लागलं. १९८३ मध्ये ब्रुकलिनला फोडेरा सुरू झालं. त्यांच्या बेसच्या माथ्यावर शिंपल्याचं फुलपाखरू असतं. ते फुलपाखरू बघितल्यावर आमच्यातले भलेभले संसारी पुरुष बोलता बोलता थांबतात.

या सगळ्याला बुटीक बेस म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे, कारण ब्लाउज शिवायला टाकल्यावर जे जे होतं ते सगळं इथे होतं. मापं घेतात, कापड निवडायला लावतात, आगाऊ पैसे घेतात, आणि दिलेल्या तारखेला फोन उचलत नाहीत. फरक इतकाच, की इथे कापडाऐवजी लाकूड असतं. पोट महोगनीचं की ॲशचं, मान मेपलची एकसंध की पाच पट्ट्या जोडलेली, वरचा शोभेचा थर कुठल्या झाडाच्या गाठीचा, आणि बोटं फिरतात ती पट्टी कशाची. त्या यादीत एका ओळीला ठळक अक्षरं असतात: ईस्ट इंडियन रोझवूड.

म्हणजे आपली शिसवी. इकडे तिला बीटे म्हणतात. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची कडक बंदी आली, आणि तोवरच जगभरच्या गिटारवाल्यांनी आपला मोर्चा पश्चिम घाटाकडे वळवला होता. पुढे २०१७ च्या जानेवारीत त्या कुळातल्या सगळ्याच शिसवींना कागदपत्रं लागू झाली. एवढ्याशा पट्टीसाठी परवाने मागत वाद्यं सीमेवर अडकू लागली, गिटार कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली, वादकांनी बोंब मारली, आणि २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. बेसवाल्यांनी एखाद्या आंतरराष्ट्रीय कराराचा मनापासून अभ्यास केल्याची ही बहुधा एकमेव वेळ.

आता हा प्रवास बघा. इथून दोन-तीन तासांवरच्या जंगलपट्ट्यात वाढणारं झाड. त्याची फळी बोटीने अमेरिकेला जाते. तिथे तिच्यावर वीस-बावीस तारेचे पडदे ठोकतात. मग ती विमानाने परत येते, कस्टममध्ये बसते, आणि तीन बाजूंनी फोम लावलेल्या खोक्यातून चामराजपुरमात उतरते तेव्हा झाडाच्या गावापासून फार तर शे-सव्वाशे किलोमीटरवर असते. तेवढ्या अंतराचे किती पैसे झाले हे मी मंडी मोहल्ल्यातल्या एका कारागिराला सांगून बघितलं. म्हैसूरच्या शिसवी जडावकामाला भौगोलिक मानांकन आहे, आणि मंडी मोहल्ल्यात हे काम पिढ्यान् पिढ्या चालतं: शिसवीच्या पाटीवर निरनिराळ्या रंगांची लाकडं बसवून देव, झाडं, दसऱ्याची मिरवणूक. त्यांनी माझ्या बेसची मान हातात घेतली, अंगठ्याचं नख पट्टीवरून उभं ओढलं आणि म्हणाले, "बीटे. चांगली आहे. कितीला?"

मी सांगितलं. (त्यांना खरी सांगितली. परक्या माणसाला खरी किंमत सांगण्यात एक मोकळेपणा असतो.)

ते बराच वेळ पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढ्यात मी तुमच्या हॉलचा अख्खा दरवाजा करून दिला असता. हत्तीसकट."

वाद्य घरात आलं की ते जसं आहे तसं ठेवायचं नसतं. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण कुणी मोडल्याचंही ऐकिवात नाही. ज्या कारागिराने वर्षभर लावून, लाकूड निवडून, पिकअपच्या तारा मोजून वेटोळून ते वाद्य केलं, त्याला यातलं फारसं कळत नव्हतं, असं पहिल्या आठवड्यात वाटू लागतं. सुरुवात तारांपासून होते. निकेलच्या तारा उघड्या वाटतात, पोलादी बोचतात, सपाट गुंडाळलेल्या फ्लॅटवाउंड तारा मऊ पण जुन्या काळातल्या वाटतात. बेसच्या तारांच्या एका संचाला काही हजार रुपये पडतात आणि त्यांची झळाळी महिन्या-दोन महिन्यांत मावळते, कारण बोटांचा घाम आणि कातडीचा मळ गुंडाळीच्या खाचांत जाऊन बसतो. त्यावर जगभरच्या बेसवाल्यांचा एक सर्वमान्य घरगुती उपाय आहे: तारा उकळायच्या. पातेल्यात पाणी, चमचाभर व्हिनेगर, दहा मिनिटं, मग फडक्यात गुंडाळून कोरड्या करायच्या. मळ सुटतो, झळाळी काही दिवस परत येते. पाण्याचा रंग जो होतो त्याबद्दल न बोललेलं बरं. आमच्या घरी बायकोने झाकण उचलून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "शेवया?" ते पातेलं तेव्हापासून माझं आहे.

तारांनंतर पिकअप, पिकअपनंतर प्रीअँप. प्रीअँप म्हणजे वाद्याच्या पोटातलं छोटं मंडल. खर्ज, मध्य, तार अशी वेगवेगळी बटणं, आणि हे सगळं चालतं नऊ व्होल्टच्या एका बॅटरीवर. वायर वाद्यात खोचली की मंडल सुरू होतं आणि काढेपर्यंत बॅटरी खात राहतं. म्हणून बेसवाला रात्री दोनला उठून पेटीकडे जातो तेव्हा त्याला वैराग्य आलेलं नसतं. वायर काढली की नाही ते आठवत नसतं. मग कुणीतरी सांगतं, नऊ व्होल्टमध्ये आवाज गुदमरतो, अठरा हवेत. मग दोन बॅटऱ्या. दोन बॅटऱ्यांना जागा हवी म्हणून पोटात आणखी खोदाई. आगाऊ पैसे भरून निवडलेल्या त्या दुर्मिळ लाकडाचा भुसा मी स्वतःच्या हाताने सुपलीत भरला आहे, आणि तो फेकवत नाही.

यातलं सर्वांत सूक्ष्म प्रकरण म्हणजे कपॅसिटर. टोनच्या बटणाला हा बोटाच्या पेराएवढा तुकडा जोडलेला असतो. जॅझ बेसमध्ये बहुधा ०.०४७ मायक्रोफॅरडचा. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर तो काही रुपयांना मिळतो. दुकानदार सुटा देत नाही, मूठभर देतो. हाच आकडा लिहिलेला, तेलात बुडवलेल्या कागदाचा, जुन्या रशियन लष्करी साठ्यातला म्हणून विकला जाणारा कपॅसिटर शेकडो रुपयांना मिळतो आणि त्याने आवाजाला 'ऊब' येते म्हणतात. विजेला रशियन कळत नाही, तिला आकडा कळतो. शिवाय हा तुकडा नीट कामाला लागतो तो टोनचं बटण मिटवत नेलं तर, आणि आमच्यातले बहुतेक जण ते बटण कायम पूर्ण उघडं ठेवतात. तरी बदलतात. मीही बदलला आहे आणि मला ऊब जाणवते.

मानेचं वेगळंच. मानेच्या आत लोखंडी कांब असते, तारांच्या ओढीला तोल द्यायला. जूनमध्ये पाऊस लागला की लाकूड फुगतं, मान किंचित हलते, आणि ज्या मानेत आठव्या पडद्याशी ०.३ मिलिमीटरची पोकळी हवी तिथे वेगळंच काहीतरी होतं. मग कांबेचा नट पाव फेरा फिरवायचा, रात्रभर थांबायचं, सकाळी पुन्हा मोजायचं. म्हैसूरची हवा तशी सौम्य, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून वर, मुंबईसारखा दमटपणा नाही. तरीही पावसाळ्यात हवामान खात्याआधी माझी 'जी' तार पडद्यावर खरखरते.

या सगळ्यावर उतारा म्हणून बेसवाल्यांच्या पुराणात दोन कथा आहेत. पहिली जेम्स जेमर्सनची. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांवर याचा बेस आहे. वाद्य १९६२ चा साधा प्रिसिजन. जाड सपाट तारा, तुटल्याशिवाय न बदललेल्या, ब्रिजपाशी स्पंजचा तुकडा, आणि उजव्या हाताचं एकच बोट. उकळणं नाही, प्रीअँप नाही, रशियन नाही. दुसरी जॅको पास्टोरियसची. त्याने आपल्या १९६२ च्या जॅझ बेसचे पडदेच उपटून काढले, खाचा बुजवल्या आणि वरून बोटींना लावतात तो इपॉक्सीचा लेप दिला. पडदे लोणी लावायच्या सुरीने काढले अशी दंतकथा आहे. गंमत अशी की जेमर्सनची कथा ऐकून कुणी आपला प्रीअँप काढून ठेवत नाही, पण जॅकोची ऐकून जो तो सुरी मात्र शोधायला लागतो. आणि जेमर्सनच्या पंथातले लोक तर कारखान्यातून जुन्या दिसणाऱ्या, आधीच खरवडलेल्या प्रिसिजनला जास्त पैसे देतात.

आता आमच्या खोलीबद्दल. खोली साधारण अकरा फुटी. तेवढ्या लांबीच्या खोलीत ध्वनीची पहिली उभी लाट ५० हर्ट्झच्या आसपास बसते. बेसच्या सर्वांत जाड तारेवर, तिसऱ्या पडद्यावर 'जी' हा सूर वाजतो, तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे इतर सूर माणसासारखे येतात आणि जी आला की खोली स्वतःच वाजते. भिंतीला टेकून बसलं तर गरजतो. खोलीच्या बरोबर मध्ये बसलं तर गायब होतो, कारण लाट मध्यावर शून्य असते. त्यात आपल्याकडची घरगुती वीजही ५० हर्ट्झचीच, आणि एकेरी गुंडाळीच्या पिकअपमधून तिची घरघर येते ती याच सुराशी खेटून, जरा चढी. अमेरिकेत वीज ६० ची. तिथे ही घरघर दोन सुरांच्या मध्येच कुठेतरी पडते. भारतीय बेसवाल्याला निदान विजेचा तंबोरा जवळपास सुरात मिळतो. टोन खराब येतोय म्हणून माणसं ब्रिज बदलतात, पिकअप बदलतात, भावाला अमेरिकेतून येताना केबल आणायला सांगतात. खुर्ची हातभर सरकवून बघ असं कुणी सांगत नाही. ते फुकट असतं, म्हणून सल्ला वाटत नाही.

खोलीच्या खाली आणखी एक खोली असते, हे बेसवाल्याच्या लक्षात यायला वेळ लागतो. आमच्या खाली मावशी राहतात. सासर म्हैसूरचं, आजोळ बेळगावचं, त्यामुळे माझ्याशी मराठी, भाजीवाल्याशी कन्नड आणि शिष्यांशी स्वरांत बोलतात. चाळीसेक वर्षं वीणा शिकवतात. एका संध्याकाळी वर आल्या. चेहरा रागाचा नव्हता, तपासाचा होता.

"तुमच्या त्या एका सुराला आमच्या फडताळातल्या वाट्या नाचतात बघा. बाकीच्यांना नाही."

"तो जी आहे मावशी. मी नवीन प्रीअँप लावलाय, त्याचा खर्ज जरा..."

"ते असू दे. कालपासून काहीतरी बदललंय का? मला काही वेगळं ऐकू येईना. डावं बोट मात्र तुम्ही लवकर उचलताय. सूर पुरता व्हायच्या आधी."

मी गप्प. कारण मी काल जे बदललं होतं त्याची किंमत पाच आकडी होती, आणि त्यांना जे ऐकू आलं होतं ते विकत मिळत नाही.

नंतर विचार केला तेव्हा कळलं की मावशींचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. काँक्रीटचा स्लॅब वरचे सूर अडवतो, खालचे जाऊ देतो. पिकअपची धार, तारांची झळाळी, प्रीअँपची हवा, तेलातल्या कागदाची ऊब, हे सगळं सहा इंच सिमेंटमध्ये जिरतं. खालच्या मजल्यावर पोचतो तो फक्त सूर कधी लागला आणि कधी थांबला, एवढा हिशेब. म्हणजे मावशींना माझ्या वाद्यातलं काहीच ऐकू येत नाही आणि माझ्या वाजवण्यातलं सगळं ऐकू येतं. यासारखा भीतीदायक श्रोता नाही.

मंचावर तर स्लॅबही लागत नाही, साऊंडवाला पुरतो. गणपतीत, लग्नात, कॉलेजच्या गॅदरिंगला, कुठेही जा. तुम्ही तासभर बटणं अंशाअंशाने फिरवून ठेवलेली असतात. साऊंडवाला येतो, तुमची वायर घेतो, एका काळ्या डबीत खोचतो, लांब जाऊन आपल्या टेबलावरचं एक बटण उजवीकडे पूर्ण फिरवतो आणि अंगठा दाखवतो. त्यानंतर जो येतो तो टोन त्याच्या सबवूफरचा. तो पोटात ऐकू येतो, कानात नाही. आणि ज्याने कुणी मोबाइलवर चित्रण केलं असेल त्यात तर तुम्ही नसताच, कारण एवढ्याशा स्पीकरला तुमचे मूळ सूर काढताच येत नाहीत. ऐकणाऱ्याचा मेंदू वरच्या उपस्वरांवरून खालचा सूर कल्पनेने भरून घेतो. पंचमदांच्या गाण्यांत टोनी वाझचा बेस वर्षानुवर्षं लोकांच्या कानावर आहे. गाणी सगळ्यांना पाठ आहेत. बेस गुणगुणणारा माणूस भेटला तर तो स्वतः बेसवाला असतो, आणि त्याच्याशी लग्नाआधी बोलून घ्यावं.

वाद्यात हात घालण्याची खोड म्हैसूरला नवी नाही, ही मात्र मोठी सोय आहे. घरी काही निघालं की मी व्हायोलिनवादक टी. चौडय्यांचं नाव घेतो. इथल्याच बिडारम कृष्णप्पांचे शिष्य, गाव जवळचंच तिरुमकूडलु नरसीपूर. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात मोठ्या सभागृहात व्हायोलिन मागपर्यंत पोचत नसे, म्हणून त्यांनी चार तारांच्या सात केल्या आणि आयुष्यभर तेच व्हायोलिन वाजवलं. बेंगळुरूचं चौडय्या स्मारक सभागृहच त्या व्हायोलिनच्या आकाराचं आहे, तंतुखुंट्यांसकट. राजांचंही तसंच. जयचामराज वडेयर पाश्चात्त्य संगीताचे इतके शौकीन, की निकोलाय मेटनर नावाच्या रशियन संगीतकाराचं संगीत ध्वनिमुद्रित व्हावं म्हणून त्यांनी चाळीसच्या दशकात लंडनला पैसे पुरवले. म्हैसूरच्या खजिन्यातून रशियन ऊब आली होती ती अशी. माझा कपॅसिटर त्या मानाने काहीच नाही.

आपल्या बाजूचं बघायचं तर अब्दुल करीम खाँसाहेब म्हैसूर दरबारात गायचे आणि राहायचे मिरजेला. तंबोरा स्वतः दुरुस्त करायची त्यांना सवय. मिरजेच्या सितारमेकरांचं घराणं मूळचं शिकलगारांचं. हत्यारांना धार लावणारे हात फरीदसाहेबांच्या काळात वाद्यांकडे वळले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे जवारी काढताना बघावं. घोडीचा माथा कानशीने केसभर घासायचा, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा घासायचा. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा, आणि तो एका जागी असा येतो की आवाज अचानक उघडतो. बॅटरी लागत नाही. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ७० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे आमच्या खालच्या ई तारेच्या वर. आणि त्यातून जे निघतं ते दहा बटणांच्या प्रीअँपमधून निघत नाही, हे मी बेसवाल्यांमध्ये बोलत नाही.

पण बायकोने यावर एकदा जे विचारलं त्याला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. चौडय्यांनी तीन तारा वाढवल्या त्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू यावं म्हणून. तंबोऱ्याची जवारी गाणाऱ्यासाठी. "तू हे सगळं कुणासाठी करतोस?" पहिल्या रांगेला सबवूफर ऐकू येतो, शेवटच्या रांगेला गायिका, खालच्या मजल्याला डावं बोट. टोन ऐकू येतो तो वाजवणाऱ्याला, आणि तोही खुर्ची योग्य जागी असेल तर. इतक्या खर्चात इतका छोटा श्रोतृवर्ग राखणारी दुसरी कला मला माहीत नाही. मी तिला सांगितलं, की ही साधना आहे. ती म्हणाली, साधनेला कस्टम ड्यूटी लागत नाही.

गेल्या नवरात्रात मावशींचा कार्यक्रम होता. हल्ली वीणेलाही चिकटवायचा मायक लावतात, आणि त्यांच्या मायकातून घरघर येत होती. त्या वर आल्या, खुर्चीवर न बसता उभ्याच राहिल्या. "तुमच्याकडे ते हत्याराचं सगळं असतं ना? जरा बघता काय?"

मी खाली गेलो. वीणा जाजमावर आडवी ठेवलेली होती. फणसाच्या लाकडाचा भोपळा, मेणात बसवलेले चोवीस पितळी पडदे, चार मुख्य तारा आणि बाजूला तालाच्या तीन. असल्या वाद्याला मी ड्रिल लावणार नव्हतो. केबल साधी होती, ती आवरणाची लावली. मग असला मायक थेट लांब वायरवर सोडला की आवाज पातळ होतो आणि घरघर वाढते, म्हणून मध्ये माझी एक जुनी प्रीअँपची डबी जोडली. नऊ व्होल्टची. घरघर गेली. मावशींनी मंद्रातली तार छेडली, आणि भिंतीजवळच्या स्पीकरमधून ती अशी आली की त्यांचा हात तसाच वर राहिला.

"हे बटण कशाचं?"

"मधल्या सुरांचं."

त्यांनी फिरवलं. ऐकलं. परत मागे आणलं. मग अर्धं. "असं नको. थोडं कमी. हां." पुन्हा तीच तार. "आणि हे?"

कार्यक्रम चांगला झाला. डबी त्यांनी परत दिली नाही, मी मागितली नाही. त्यानंतर जिन्यात भेटल्या की चौकशी सुरू झाली. आधी, बॅटरी संपत आली की आवाज कोरडा होतो काय. मग, मायक घोडीच्या डावीकडे चिकटवला तर मंद्र जास्त उघडतं, उजवीकडे तर तार, हे तुमच्या पिकअपचं पण असंच असतं काय. मग एक दिवस, ती अठरा व्होल्टची डबी खरंच जास्त मोकळी वाजते की लोक नुसतं म्हणतात. मी म्हटलं, मावशी, तुम्हीच तर म्हणाला होता की काही फरक ऐकू येत नाही. "ते स्लॅबमधून," त्या म्हणाल्या. "समोर बसल्यावर वेगळं असतं की."

परवा पुन्हा वर आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, गुरुवारी एक कुरियर येणार आहे, दुपारी, ते तुमच्याकडे घेऊन ठेवाल काय? आमचे हे दुपारी घरी असतात.